चार मिनिटं आधी लागलेलं लग्न

"लगीन लागलं का वो?"

सनईची पत्ती ओठांतून काढून मामा विचारायचे. मी लांबूनच दोन बोटं दाखवायचो, म्हणजे अजून दोन मंगलाष्टकं. विश्रामबागेतल्या ज्या मंगल कार्यालयात मी मॅनेजर आहे, तिथं वाजंत्र्यांची जागा खांबाआड आहे. तिथून नवरानवरी दिसत नाहीत. त्यामुळे प्रश्न रास्तच होता, आणि वीसेक वर्षं मी त्याचं उत्तर देत आलो.

मामा कुंडलचे. कार्यालयात गुरुजींपासून आचाऱ्यापर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणायचे. एसटीतून उतरले की आधी स्टँडवरच गुलाबी फेटा बांधायचे. "सनईवाल्यानं बोडक्यानं लगनाच्या दारात जाऊ न्हाई," म्हणायचे. बरोबर चौघडा वाजवणारे त्यांचे मेहुणे. मेहुणे अबोल. मामा थांबले की थांबायचं, मामा वाजवू लागले की वाजवायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

तुम्ही शेकडो लग्नं जेवला असाल, पण सनई कधी थांबते याकडे कधी लक्ष दिलंय? मंगलाष्टकं सुरू झाली की सनई गप्प. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'सावधान' येतं, लोक अक्षता टाकतात, तरी गप्प. शेवटच्या सावधानाला मात्र ती एकदम उठली पाहिजे. ती उठली की अंतरपाट बाजूला होतो, हार पडतात आणि मंडळी जेवणघराकडे वळतात. लग्न गुरुजी लावतात हे खरं, पण ते लागलं हे लोकांना सनई सांगते. आणि सगळी सावधानं सारखीच असतात. त्यातलं शेवटचं कुठलं, हे मागची लक्षात ठेवणाऱ्यालाच कळतं.

एकदा पंगतीत बसल्यावर मामांनी विचारलं, "लगीन लागलं का वो?" मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हणालो, "लागलं की, आता बारशाला या." सगळे हसले. मामाही हसले, पण जरा उशिरा, बाकीच्यांकडे बघून. ते हसणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मग ते लग्न झालं. चौथ्या कडव्याचं सावधान झालं आणि खांबाआडून सनई उसळली. मेहुण्यांनी दचकून चौघड्यावर टिपरी टाकली. लोकांनी हातातल्या होत्या नव्हत्या त्या अक्षता उधळल्या, अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडून दिला, नवरीनं हार घातलासुद्धा. मुहूर्ताला चार मिनिटं बाकी होती. गुरुजी तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

मी जात्याच घाबरट. मुहूर्ताच्या दिवशी सकाळीच मला रक्तदाबाची गोळी लागते. पण त्या दिवशी मी माईक हातात घेऊन धडधडीत खोटं बोललो, "कार्यालयाचं घड्याळ चार मिनिटं मागं आहे, मुहूर्त अचूक साधला आहे." सगळ्यांच्या खिशात मोबाइल होते. पण जेवणाची वेळ झाली होती, त्यामुळे कुणी बाहेर काढला नाही. मुलीच्या एका काकांनी तेवढा काढला होता. त्यांनी आमच्या मालकांकडे तक्रार केली आणि मालक मला म्हणाले, "आणखी एकदा असं झालं, तर मामा बंद. स्पीकर लावायचा."

पुढच्या लग्नाला मामांबरोबर मामी आल्या. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "दादा, मिरजंच्या डाक्टरनं सांगितलंय, इसरायचा रोग हाय. लय जुनं असतंय ते मागनं जातंय म्हणं. सनई शेवटाला जाईल."

"मग आता घरीच विश्रांती..."

"आवं, घरात बसवलं तर चार दिसांत पार बसतील. वाजिवत्यात तवर हायेत." मग हळूच म्हणाल्या, "तुमी नगं म्हणू नगा."

मी नको म्हणालो नाही. पण धीरही नव्हता. मी खांबावर एक लाल बल्ब बसवून घेतला. पेटलेला असेपर्यंत वाजवायचं नाही, विझला की वाजवायचं. मामांनी मंगलाष्टकं चालू असताना तिथूनच हाक मारली, "सायेब, दिसाढवळ्या बल्ब कशाला जाळताय?"

शेवटी मामींनीच तोड काढली. त्या मामांना खेटून बसायच्या आणि मंगलाष्टकं सुरू झाली की त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायच्या. हात आहे तोवर थांबायचं. हात उचलला की वाजवायचं. मी मामींना खूण करायचो, मामी हात उचलायच्या. अशी दहाबारा लग्नं आम्ही तिघांनी निभावली. जेवणाचे पदार्थ आठवत नसलेला माणूस सूर मात्र असा लावायचा, की मी हिशेबाची वही बंद करून ऐकत बसायचो.

मामांनी वाजवलेलं शेवटचं लग्न लोणंदच्या पाहुण्यांचं होतं. गुरुजींची कडवी संपत आली तेवढ्यात नवऱ्याच्या आत्यांनी माईक घेतला. त्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती, आणि त्यांत घरातल्या प्रत्येकाचं नाव होतं. पहिलं सावधान झालं. मामांनी सनई ओठांना लावली. मामींनी हात दाबला. दुसरं झालं. मामांचे गाल फुगले. मालक पहिल्या रांगेत बसले होते. तिसऱ्याला मामा अर्धवट उठलेच. मामींनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून त्यांना खाली बसवलं. त्यांच्या बांगड्या वाजलेल्या मला लांबून ऐकू आल्या. आत्याबाई चौथं कडवं गाऊ लागल्या, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना नको नको ते बोललो.

गुरुजींनी एकदाचं शेवटचं सावधान म्हटलं. मी रुमाल हलवला. मामींनी हात उचलला. आणि सनई अशी उठली की मालकांनीसुद्धा वळून मान डोलावली. अगदी वेळेवर.

पंगती मांडायला सुरुवात झाली तसे मामा सनई पुसत माझ्याकडे आले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "सायेब, ही बाई कुणाकडली?"

मी मागं पाहिलं. मामी दोन पावलांवर उभ्या होत्या.

"सकाळधरनं माझ्यापाशी उपाशी बसलीया. हिच्यामुळं आज लगीन सादलं. आमचं ऱ्हाऊ द्या मागनं, आधी हिला वाढा."

मला मामींकडे बघवेना. त्या म्हणाल्या, "व्हय दादा, बसते की मी," आणि पहिल्याच पंगतीत पाटावर जाऊन बसल्या. मामा त्यांच्यासमोर उभे राहिले. दर वाढप्याला अडवून सांगू लागले, "बाईस्नी भात गरम वाढ रं. पावण्या हायेत."

मामी मान खाली घालून जेवत होत्या. भाताचं पातेलं चार वेळा आलं, आणि चारही वेळा त्यांनी वाढू दिलं.