आतोबांचं बिनरंगाचं विमान

विमानाच्या कांतीची एवढी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या भोईवाड्यात दुसरा झाला नाही, आणि आमचे आतोबा तर कधी विमानात बसलेही नव्हते. गिरणीच्या साचेखात्यात ते कापड विणायचे आणि घरी आले की पांगाऱ्याच्या लाकडातून वीतभर विमानं कोरायचे. रंगीत विमानं त्यांना नामंजूर. "विमान नुसत्या पत्र्याचं हवं," ते म्हणायचे, "ढगातून बाहेर आलं की ऊन अंगावरून ओघळलं पाहिजे." हे सांगताना घास हातातच राहायचा. घरीच खानावळ चालवणारी माझी आत्या समोरच्या पंगतीला वाढत म्हणायची, "उतरलात की जेवा."

संप सुरू झाला आणि आतोबांना वेळच वेळ मिळाला. सकाळी सभेला जाऊन यायचे आणि दुपारभर गॅलरीत विमान घासत बसायचे. अडचण एकच होती. चंदेरी रंग झकास चढायचा, पण बोट लागलं की बोटावर यायचा. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणीने कौतुकाने एक विमान उचललं आणि तिच्या पदरावर अख्खा पंख उमटला. मग आतोबांनी वरून व्हार्निश दिलं. रंग पक्का बसला, चकाकी मात्र गेली. विमान जुन्या टोपासारखं दिसू लागलं. आतोबा आजाऱ्यासारखे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

शेवटी तोड सापडली ती सिगारेटच्या पाकिटात. तंबाखूच्या वासानेही ठसका लागणारे आतोबा पानवाल्याकडून रिकामी पाकिटं मागून आणू लागले. आतली चांदी भिजवून कागदापासून सोडवायची, गुळगुळीत लाकडावर पातळ सरस लावून ती टेकवायची आणि बांबूच्या कामटीने घोटत राहायचं. जोड दिसले तरी खऱ्या पत्र्याच्या सांध्यांसारखेच दिसत. आत्याने ते विमान तेलकट हातांनी उचललं, पदराने पुसलं. चांदी जागची हलली नाही.

तोवर खानावळीतली माणसं एकेक करून गावी निघाली होती. आतोबांच्या शेजारचा साचा चालवणारा, विमानांवरून त्यांची सर्वांत जास्त थट्टा करणारा मालवणी जोडीदारही ट्रंक घेऊन निरोपाला आला. "गिरणी आता सुरू होवची नाय," तो म्हणाला. आतोबांनी विमान पंच्यात गुंडाळून त्याच्या ट्रंकेत ठेवलं.

"ह्यां माका कित्याक?"

"खारी हवा कशी सोसतं ते बघायचंय मला," आतोबा दुसरीकडे बघत म्हणाले.

गिरणी खरंच उघडली नाही. आतोबा हिंदमाताला एका दुकानात साड्यांच्या घड्या घालू लागले. जरीचा काठ उन्हात आला की त्यांचा हात थांबायचा, आणि गिऱ्हाईक ताटकळायचं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी त्यांना मालवणकडे घेऊन गेलो. जोडीदाराच्या पडवीत विमान टांगलेलं होतं, समुद्रावरच्या वाऱ्यात सावकाश गिरक्या घेत. आतोबांनी चष्मा लावून एकेक सांधा तपासला. कुठेच उचललेला नव्हता.

"रोज पुसतंय," जोडीदार म्हणाला.

एवढंच. विमानाचा विषय पुन्हा निघाला नाही. दोघे म्हातारे पडवीत शेजारीशेजारी बसले आणि त्या शांत, माडांच्या गावात, साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय झालेली असल्यामुळे, संध्याकाळ होईपर्यंत ओरडून ओरडून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत राहिले.