आमच्या पानावरचा ऑस्ट्रेलिया

डोंबिवलीत शुक्रवारी पाणी येणार नाही, ही बातमी आमच्या पेपरात नुसती अशी जात नाही. पूर्वेला येणार नाही की पश्चिमेला, हे मथळ्यातच द्यावं लागतं. एकदा द्यायचं राहिलं, तर पश्चिमेच्या बायकांनी फोन करकरून ऑफिसचं डोकं उठवलं. त्यांनी ड्रम, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवले होते आणि शुक्रवारी नळ आपला धो धो चालू. तेव्हापासून स्टेशनच्या या बाजूला की त्या बाजूला, हे लिहायला आमच्याकडे कोणी विसरत नाही.

त्याच ऑफिसात, शहराच्या बातम्या करणाऱ्यांपासून चार खुर्च्या सोडून मी बसते. ठाण्याच्या या ऑफिसात सतरा वर्षं विदेशाचं पान लावतेय आणि एक अख्खा खंड एका शब्दात उरकतेय.

एजन्सीची बातमी इंग्रजीत येते. तिच्यात गावाचं नाव असतं, राज्याचं असतं, नदीचंही असतं. आमच्या वृत्तसंपादकांची त्यावर एकच परीक्षा आहे: टिटवाळ्याच्या वाचकाला हे नाव माहीत आहे का? नसेल तर उडवा. त्यामुळे मी वर्षानुवर्षं उडवत आले. 'ऑस्ट्रेलियात पुराचे थैमान.' 'ऑस्ट्रेलियात वणवा भडकला.' 'ऑस्ट्रेलियात भारतीय तरुणाला मारहाण.' जागा उरलीच तर कोणाच्या तरी कमोडमध्ये निघालेला साप, तो मात्र फोटोसकट. टिटवाळ्याच्या वाचकाला कोणी कधी विचारलंय का, देव जाणे. मी तर विचारलेलं नाही.

रविवारी चित्र एकदम पालटतं. त्या दिवशी अर्धं पान परदेशातल्या मराठी वाचकांसाठी असतं, ते लोक मोबाइलवर पेपर वाचतात म्हणून. त्यात तिथल्या मंडळाचं हळदीकुंकू, नऊवारीतल्या बायका, मोदकांचं ताट, सगळे दात दाखवून हसतायत. म्हणजे सोमवार ते शनिवार तो देश जळतो, बुडतो, चावतो आणि रविवारी तिळगूळ वाटतो.

माझी मुलगी यातल्या कुठल्याच पानावर नाही. ती पर्थला एका वृद्धाश्रमात नर्स आहे. दुसऱ्यांच्या आजोबांना आंघोळ घालते, गोळ्या देते, बस चुकली की चिडते, येताना कांदे घेऊन येते. ही बातमी नव्हे, हे मलाही कळतं. पण माणसं तिथे राहतात ती अशीच राहतात, आणि हे आमच्या वाचकाला सतरा वर्षांत मी एकदाही सांगितलेलं नाही, याचा मला संताप येतो. तो कोणावर काढावा, ते समजत नाही.

तो संताप खरा उफाळला तो बाबांमुळे. माझे वडील ऐंशी पार केलेले. कल्याणजवळ मोहन्याच्या कारखान्यात उभा जन्म काढला आणि आता डोंबिवलीत माझ्याकडे असतात. माझी ड्युटी दुपारची, त्यामुळे माझ्या मुलीला वाढवलं त्यांनीच. शाळेतून आणणं, पाढे, वरण-भात, ताप आला की कपाळावर पट्ट्या, सगळं आजोबांनी केलं. म्हणून तिचं एकच मागणं होतं. आजोबांनी एकदा पर्थला येऊन तिचं घर बघावं. डॉक्टर म्हणाले होते, हा हिवाळा प्रवासाला चालेल, पुढच्याचं मी काही बोलणार नाही.

बाबा तयार झाले. सोबत मी जाणार होते, दोघांचा व्हिसा आला. बागेतल्या बाकावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगून झालं, "नातीकडे चाललोय." जानेवारीत जायचं म्हणून स्वेटरही आणला. तिने फोनवर सांगितलं, "आजोबा, इथे तेव्हा कडक उन्हाळा असतो." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही गोष्ट मी मुद्दाम लपवली होती. आमच्या पानावरून तिथला उन्हाळा कधी असतो एवढंसुद्धा त्यांना कळलं नव्हतं.

आणि बाबा आमचं पान वाचतात, ते परीक्षेला बसल्यासारखं. त्यांना कात्रणांचा नाद आहे. नात तिकडे राहायला गेली त्या दिवसापासून एका जाडजूड रजिस्टरात ते ऑस्ट्रेलियाची प्रत्येक बातमी कापून चिकटवतात. कडा सरळ, खळ बेताची. लेकीनं लावलेलं पान आणि नात राहते तो देश, दोन्ही एका वहीत. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

निघायला तीन आठवडे असताना तिकडे पूर आला. एजन्सीची ती इंग्रजी बातमी मला अजून आठवते. गावाचं नाव पहिल्याच ओळीत होतं, पार ईशान्येच्या टोकाचं. पर्थ पश्चिमेला, मध्ये विमानाने पाच-सहा तासांचं अंतर. संध्याकाळी साडेसहाला मी ते नाव माझ्या बोटांनी काढलं आणि तिथे 'ऑस्ट्रेलियात' टाकलं. हात आपोआप जातो.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा बाबा कात्री घेऊन बसले होते.

"मी काही येत नाही," ते म्हणाले. "पोरीलाच म्हणावं, तूच निघून ये."

मी म्हटलं, "बाबा, हा पूर पर्थपासून कुठल्या कुठे आहे."

"मग तसं लिहिलं का नाहीस?"

मी जुलैची आठवण काढली. जुलैमध्ये तिथल्या पेपरात 'मुंबई पाण्याखाली' असा मोठा फोटो आला होता आणि पोरीने घाबरून फोन केला होता. तेव्हा आमच्या बाल्कनीत कपडे वाळत होते. बाबांनी तिला व्हिडिओवर वाळत घातलेला लेंगा दाखवला आणि पोट धरधरून हसले, "अगं, मुंबई म्हणजे डोंबिवली होय? पेपरवाले काहीही छापतात!"

"आठवतंय ना?" मी विचारलं. "तसंच आहे हे."

"तसं कसं असेल?" बाबा म्हणाले. "ते परके. त्यांना काय माहीत डोंबिवली कुठे आणि कुलाबा कुठे. तुझी तर पोरगी तिथे आहे. तुला माहीत असताना तू कशाला अर्धवट छापशील?"

त्या दिवशी मी ऑफिसात भांडले. पुराची पुढची बातमी आली होती, तिच्या शेवटी मी एक ओळ घातली की पर्थ आणि पश्चिमेच्या भागाला याची झळ नाही. वृत्तसंपादक माणूस वाईट नाही. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "अगं, ही ओळ कोणासाठी? कल्याणला कोणाला पडलीय पर्थची?"

"माझ्या वडिलांसाठी," मी म्हटलं.

ते हसले, पण ओळ राहू दिली. मग सातच्या सुमारास जाहिरात आली आणि बातमी खालून दोन ओळींनी कापावी लागली. बातमी नेहमी खालूनच कापतात. माझी ओळ गेली. टॉवेल-चादरींच्या सेलपायी गेली, हे मी अजून विसरलेले नाही.

शेवटी तोडगा बाबांनीच काढला. रविवारी त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं, वर लाल पेन. "यातल्या प्रत्येकापुढे गाव लिही. पर्थचं एकही निघालं नाही तर मी बॅग भरतो." सौदा सरळ होता. मी चहा ठेवला आणि आनंदाने बसले.

पहिली काही भराभर लिहिली. मग पेन अडलं. हा वणवा कुठला? ही मारहाण कुठली? बातमी मीच केलेली, शब्द न् शब्द माझा, आणि त्यात गाव नव्हतं, कारण मीच काढलेलं. बाबांनी कडा कापताना तारखाही कापल्या होत्या. कशाच्या आधाराने शोधणार? मोबाइलवर 'ऑस्ट्रेलिया, वणवा' टाकलं तर ढिगाने वणवे आले. दुपार झाली तेव्हा वहीत अकरा गावं लिहिलेली होती आणि बाकी पानांवर नुसती माझी बातमी.

लिहिता आलं असतं काहीही. प्रत्येकापुढे सिडनी लिहिलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. मी एका कात्रणापुढे पेन टेकवलंही. पण बाबा समोर बसून माझ्या हाताकडे बघत होते, आणि त्या नजरेत संशय अजिबात नव्हता. म्हणून पेन उचललं.

"पर्थचं एक आहे," मी म्हटलं. "पण ते सापाचं."

"साप चालेल. मोहन्याला काय कमी होते?" ते म्हणाले. "बाकीची?"

"आठवत नाहीत, बाबा."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "तुलाच माहीत नाही, तर मी कोणाला विचारू?" आणि रजिस्टर कपाटात ठेवून आले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी एकटी गेले. शेजारच्या ताईंनी बाबांच्या जेवणाखाणाचं पाहायचं कबूल केलं. पर्थला पोरीने आजोबांसाठी खोली लावून ठेवली होती. खिडकीशी हातांची खुर्ची, उंच उशी, बाथरूममध्ये धरायला दांडी. ती दांडी तिने स्वतः बसवून घेतली होती, वृद्धाश्रमात दुसऱ्यांच्या आजोबांसाठी असते तशीच. मी त्या खोलीत झोपले आणि तिने उंच उशी काढून माझ्यासाठी साधी आणून ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी नाश्ता करताना बाबांचा फोन आला.

"तुम्ही दोघी बऱ्या आहात ना? आग लागलीय म्हणे तिकडे. लोकांना घरं सोडायला सांगितलीयत."

मी खिडकीतून पाहिलं. समोरचा माणूस बागेला पाणी घालत होता, पोरगी ड्युटीचे बूट बांधत होती. माझ्या जागी पान दुसऱ्या कोणीतरी लावलं होतं, अगदी मी लावते तसं.

"बाबा, इथे काही नाही," मी म्हटलं. "कुठे लागलीय? गावाचं नाव वाचा."

पेपर उलगडल्याचा आवाज आला. त्यांनी बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली असावी, कारण बराच वेळ गेला.

"नाव नाही गं दिलेलं," ते म्हणाले. "ऑस्ट्रेलियात, एवढंच आहे."