पाच नंबरची कॉइल

माझे बाबा नागपूरच्या एका सायन्स कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. शिक्षण सातवी. पण लाकडी पट्ट्यांवर तार गुंडाळलेल्या तिथल्या बारा कॉइल, आणि त्यातली कोणती किती ओहमची, हे त्यांना तोंडपाठ होतं. मुलं हळूच विचारायची, "मामा, पाच नंबर?" बाबा स्टुलावरून न उठता म्हणायचे, "दहा." झालं! मग मीटर बघतो कोण? व्होल्टेजला करंटने भागल्यावर दहाच यावेत असे आकडे उलटे बसवायचे, वहीत उतरवायचे आणि कॅन्टीनला पळायचं. आमच्या कॉलेजची ही रीतच होती.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी त्याच कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आले. आमच्या वस्तीतून सायन्सला गेलेली पहिली मुलगी, त्यामुळे माझ्या डोक्यात हवा गेली होती. बाबा मला बजावायचे, "पोरी, तू मात्र मोजूनच लिहिजो." आणि संध्याकाळी सायकल टेकवून माझ्या वहीत डोकावत विचारायचे, "हे ओहम म्हणजे नेमकं काय असते वं?"

मी वर न बघता म्हणायचे, "राहू द्या न बाबा. तुम्हाले नाही समजणार."

हे मी एकदा नाही, पुष्कळदा म्हटलं आहे. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी विभागप्रमुखांनी बाबांना सगळ्यांदेखत दम दिला. परीक्षेत एकालाही आकडा सांगितला, तर प्रयोगशाळा सुटली म्हणून समजा. पुढच्या फाटकावर चौकीदार म्हणून बसावं लागेल. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. प्रयोगशाळेत त्यांना पोरं विचारत, प्राध्यापकसुद्धा विचारत. त्यांची सगळी इज्जत त्या चार भिंतींत होती.

परीक्षेत चिठ्ठी उचलली, तर निघाली पाच नंबरची कॉइल. मी इमानदारीने जोडणी केली. दोन व्होल्टला पाव अँपिअर, चारला अर्धा, सहाला पाऊण. भागाकार केला तर दरवेळी आठ. आठ? तारा सोडल्या, पुन्हा जोडल्या. पुन्हा आठच. घाम पुसत मी कपाटाकडे पाहिलं. तिथे बाबा फडक्याने हात पुसत उभे होते. माझं तोंड पाहून त्यांच्याने राहवलं नसणार. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि दोन्ही पंजे उघडून छातीशी धरले. दहा.

मी खरे आकडे खोडले आणि दहा येईल असे लिहिले.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी सकाळीच सगळ्या कॉइल स्वतः मोजून ठेवल्या होत्या. माझा कागद त्यांनी उजेडात धरला. "बाई, आठ बरोबर होतं. बरोबर असलेलं खोडलंत कशाला? कुणी सांगितलं दहा?"

विभागप्रमुख जवळ आले. मी खाली बघत राहिले.

"मी सांगितलं साहेब," बाबा म्हणाले.

खरं सांगते, त्या क्षणी मला आधी सुटल्यासारखंच वाटलं. लाज नंतर वाटली.

मग सगळं बाहेर आलं. दिवाळीच्या आधी एका मुलाने जास्त करंट सोडून ती कॉइल जाळली होती. बाबांनी जळका तुकडा कापला, उरलेल्या तारेची टोकं पिळून जोडली. घरच्या शेगडीची कॉइल तुटली की आम्ही सगळे तेच करायचो.

"पण तार कापल्यावर दहा ओहम राहतील कसे?" परीक्षकांनी विचारलं.

बाबा गोंधळून म्हणाले, "तुकडाच तर कापला साहेब. नंबर तर पाचच आहे न."

दोन-तीन पोरं फिसकन हसली. रोज "मामा, मामा" करणारीच. विभागप्रमुखांनी तिथल्या तिथे सांगितलं, उद्यापासून फाटकावर.

संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते. मी वही घेऊन जवळ बसले, तर त्यांनीच विचारलं, "तार कापली का ओहम कमी होते काय?"

मी सांगितलं. तार जितकी लांब, तितका विरोध, म्हणजे ओहम, जास्त. कापली की विरोध कमी, करंट जास्त. आधी सहा व्होल्टला पॉइंट सहा अँपिअर जायचा, त्यांचा गुणाकार तीन पॉइंट सहा वॅट. आता पाऊण अँपिअर जातो, म्हणजे साडेचार वॅट. तेवढी ती जास्त तापणार.

"तापतच होती न!" बाबा एकदम म्हणाले. "दिवाळीपासून हात लावू देत नव्हती. मी म्हणत होतो, काहून असं होऊन राहिलं?"

त्यांच्या हाताला ते चार महिन्यांपासून ठाऊक होतं. समजावून सांगायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

बाबांनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग अजिबात न रागावता म्हणाले, "एवढंच होतं काय वं? मग आधी काहून नाही सांगितलं?"

खोडलेले खरे आकडे धरून मला पास केलं. पुढची दोन वर्षं मी कॉलेजात मागच्या फाटकातून गेले.