मोडलेला नेम

हे लिहावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार करत होते. लोक आपले अनुभव लिहितात, त्यात त्यांची श्रद्धा दिसते. माझ्या अनुभवात आधी माझी फजितीच दिसणार. पण सूनबाई म्हणाली, "लिहा आई, फजितीसकट लिहा." म्हणून जसं झालं तसं लिहिते आहे.

लढाईचे दिवस होते. साखर आणि रॉकेल कार्डावर मिळायचं. वाईला घाटाजवळच आमचं घर. मुलगा शाळेत मास्तर. ह्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात सून आणि एक नात. मला बोलायला फार लागतं, हे आधीच सांगून टाकते. सकाळी सडा घालताना जे तोंड सुरू व्हायचं ते रात्री अंथरुणावर पडेपर्यंत. आषाढातल्या दशमीला शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या आणि मी त्यांना सूनबाईची आमटी कशी पातळ होते ते सांगत होते. सूनबाई आतून आली आणि म्हणाली, "आई, जरा वेळ तरी तोंडाला विश्रांती द्या ना." परक्या बाईसमोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. चातुर्मासाचे नेम त्या दिवशी धरतात. कुणी वांगं सोडतं, कुणी एकदाच जेवतं, कुणी मौनाने जेवतं. मी कृष्णेत स्नान केलं, घाटावरच्या गणपतीपुढे हातावर पाणी सोडलं आणि कार्तिकी एकादशीपर्यंत पूर्ण मौनाचा संकल्प केला. चार महिने एक अक्षर बोलायचं नाही. घाटावरच्या बायका म्हणाल्या, केवढं हो तप! मला ते ऐकून बरं वाटलं. खरं सांगायचं तर संकल्पात नाव देवाचं होतं, पण डोळ्यांसमोर सूनबाईचा चेहरा होता. आता कळेल हिला, असंच मनात होतं.

नातीची जुनी पाटी घेतली आणि तिच्यावर लिहून कारभार सुरू केला. "आमटीत मीठ कमी", "धोब्याला सांगणे", असलं काहीतरी. सूनबाई दोनच दिवसांत डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "चुकलं माझं, बोला ना आई." मी पाटीवर लिहिलं, "नेम देवाचा आहे." ती पाटी वाचून चुलीकडे वळली. पहिले पंधरा दिवस सगळे येऊन येऊन विचारायचे, हवं-नको बघायचे. मग हळूहळू विचारणं थांबलं. नात रात्री गोष्टीसाठी माझ्या कुशीत यायची, ती आईजवळ झोपायला लागली. मुलगा शाळेतून आला की पूर्वी माझ्या खोलीत टेकायचा, आता दारावरूनच पुढे जायचा. जेवताना ती तिघं आपसात बोलत आणि मी घरात कपाट असतं तशी बसलेली. शेजारच्या काकूंनी तर येणंच सोडलं. भाद्रपद येईपर्यंत मला रडू यायला लागलं होतं. मी मनाशी म्हणायचे, ही परीक्षा आहे, देव बघतो आहे. पण जपाला बसलं की माळ हातात आणि मन भलतीकडे. तोंड बंद होतं एवढंच. आत मी दिवसभर सूनबाईशी भांडतच होते. देवाला हे मौन चालेल का, अशी शंका यायची आणि मी ती दडपून टाकायचे.

आश्विनात सांगलीहून भाच्याचं कार्ड आलं. तिथे माझी थोरली बहीण, आक्का. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लहानपणीच गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते तिनंच. भाच्याने लिहिलं होतं, "मावशी, आईला आता अजिबात दिसत नाही. तुमची पत्रं मी वाचून दाखवतो, पण ती म्हणते, पत्र नको, मला तिचा आवाज ऐकायचा आहे. प्रकृती फार नाजूक झाली आहे. येऊन जा."

मुलाने कार्ड दोनदा वाचलं. म्हणाला, "आई, तिला दिसत नाही आणि तू बोलणार नाहीस. मग जाऊन करणार काय?" मी पाटीवर लिहिलं, "हात धरून बसेन." तो म्हणाला, "अगं, ती आवाज मागतेय." मी खाली लिहिलं, "देवाला दिलेला शब्द मोडता येत नाही." त्याने पाटी खाली ठेवली आणि निघून गेला. सूनबाईनं मात्र माझी बोचकी बांधून दिली, आक्कासाठी लाडू दिले. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. मुलाने साताऱ्यापर्यंत येऊन मला सांगलीच्या मोटारीत बसवून दिलं. सांगलीला भाचा उतरवून घेणार होता. पेट्रोल मिळत नसे, म्हणून त्या वेळी मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे एक भली मोठी शेगडी बसवलेली, क्लीनर उतरून उतरून ती ढोसायचा, आणि चढ आला की बापये खाली उतरून ढकलायचे. कऱ्हाड मागे टाकल्यावर आमची मोटार जी बसली ती हलेचना. ड्रायव्हर म्हणाला, दोन-तीन तास लागतील, सावलीला बसा. उन्हाची वेळ. मी बोचकी घेऊन रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसले.

शेजारच्या शेतात मेंढरं बसवलेली होती. पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातून धनगर या दिवसांत चाऱ्यासाठी नदीकाठाला येतात, त्यांचा कळप होता. त्यातली एक म्हातारी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. वयाने माझ्याएवढीच, पण तोंडाचं पार बोळकं झालेलं. म्हणाली, "कुटनं आलासा, बाई?" मी ओठांवर बोट ठेवलं आणि वर आभाळाकडे दाखवलं. देवाचा नेम आहे, असं मला सांगायचं होतं. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि मग तिचा हात आपल्याच तोंडावर गेला.

"आगं बया! देवानं वाचा न्हेली व्हय तुजी? कवापासनं गं?"

मला मान हलवून नाही म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं नाही. तीन महिन्यांत इतक्या मायेने मला कुणी काही विचारलं नव्हतं, असं त्या क्षणी वाटलं. विचारलं होतं, मीच ऐकलं नव्हतं, हे नंतर सुचलं. मी खाली मान घातली. तिनं ते खरं धरलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. पाणी द्यायला लागली, पण आमच्यात परक्याघरचं पाणी चालत नसे, म्हणून मी संकोचले. ते तिनं ओळखलं. उठून शेळी पिळली आणि ताजं दूध आणून दिलं. दुधाला विटाळ मानत नसत, ते मी प्यायले. मग ती आपलं सांगायला लागली. थोरला मुलगा पलटणीत गेला होता, तो लढाईवर तिकडे बर्मात होता आणि दोन वर्षं त्याची खबर नव्हती. "जिता हाय का न्हाई, ठावं न्हाई," ती म्हणाली. "पर मी रोज बोलती त्येच्यासंगं. मेंढरं हसत्याली मला." असं म्हणून स्वतःच हसली. बोलता बोलता तिनं आपलं जेवण काढलं. भाकरी जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, वाटीत दुधात कुस्करली आणि बोटांनी खाऊ लागली. दात नसल्यावर दुसरं काय करणार?

दोन घास खाल्ले असतील, तिच्या मनात काय आलं कोण जाणे. वाटी तशीच ठेवून उठली. बाभळीच्या बुंध्याशी एक दगड होता, त्याच्यावर भंडारा वाहिलेला. त्यांचा बिरोबा. तिथली चिमूट आणून तिनं माझ्या कपाळाला लावली आणि दगडाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "बिरुबा, ह्या बाईचं त्वांड उगड. तिला वाचा यीपतूर मी दुदाला शिवनार न्हाई. बिरुबाच्या नावानं चांगभलं!" आणि वाटीतलं उरलेलं सगळं कुत्र्यापुढे ओतलं.

मी बसल्या जागी विचार करू लागले. कार्तिकी एकादशीला मी बोलणार, पण ते हिला सांगणार कोण? ही मेंढरांमागे चार गावं पुढे गेलेली असणार. मला हिचं नाव माहीत नाही, हिला माझं नाही. म्हणजे ही बाई जन्मभर दूध पिणार नाही. कोरडी भाकरी त्या बोळक्या तोंडाने चघळत बसेल, आणि तेही कुणासाठी, तर सुनेवर रुसून बसलेल्या एका बाईसाठी. मला इतकी शरम वाटली की वर बघवेना. एकीकडे गणपतीपुढे सोडलेलं पाणी, दुसरीकडे ही. देवाचा शब्द मोडला तर काय होईल, याची खरंच भीती वाटत होती मला. त्या काळी आम्ही अशा गोष्टींना भीत असू.

इतक्यात मोटारीचा भोंगा वाजला. माणसं चढायला लागली, ड्रायव्हरने हाक मारली. मी बोचकी उचलली आणि निघाले. पाच-सहा पावलं गेले असेन. मागे वळून पाहिलं, तर ती मेंढरांकडे चाललेली, पाठमोरी. मग मी काय ठरवलं, कसं ठरवलं, ते मला सांगता येत नाही. मी ठरवलंच नाही असं आजही वाटतं. घशातून आवाज आला. इतका घोगरा की माझा मलाच ओळखू आला नाही.

"अहो बाई! दूध प्या! तुम्ही दूध प्या!"

ती गर्रकन वळली. दोन्ही हात वर करून "चांगभलं, चांगभलं" करत धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मोटारीतली माणसं खिडकीतून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "अहो ऐका, मी मुकी नव्हते. मला येत होतं बोलायला. मीच बोलत नव्हते."

"कुनासंगं?"

"घरात. सुनेशी. सगळ्यांशीच."

मला वाटलं ही आता चिडेल, मला फसवलंस म्हणेल. तिनं थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हंजी दुकनंच की त्ये! कवाचं?"

"आषाढापासून."

"लय दिस काडलंस गं बया." मग तिनं चरवीतलं दूध वाटीत ओतलं, माझ्यासमोर उभ्या उभ्या प्यायली आणि पदराने तोंड पुसलं. "जा आता. मोटार जाईल न्हाईतर." मी वाकून तिच्या पायांना हात लावला. ती "आवं, आवं" करत मागे सरली. नाव विचारायचं तेवढं राहून गेलं.

सांगलीला गावभागातल्या आक्काच्या घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आक्का खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. फार वाळली होती. मी दारातूनच म्हटलं, "आक्का, मी आले गं." तिनं आवाजाच्या दिशेने दोन्ही हात पुढे केले. म्हणाली, "आलीस? घसा बसलाय का तुझा? लवंग दे गं तिला कुणीतरी." एवढंच म्हणाली. मग मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. रात्री तिला मौनाचं सगळं सांगितलं, तर हसता हसता तिला ठसका लागला. "तू आणि मौन? अगं, पाळण्यात असतानासुद्धा तुला कुणी गप्प पाहिलं नाही!" आठ दिवस आम्ही दोघी नुसत्या बोलत होतो. आईच्या आठवणी, तिच्या सासरच्या, मेलेल्या-जित्या सगळ्यांच्या. मी थांबले की ती म्हणायची, "थांबू नको, बोल."

वाईला परत आले. सूनबाई सवयीने पाटी शोधायला लागली. मी म्हटलं, "राहू दे ती. चुकलं माझं, सूनबाई. त्या दिवशी तू चूक बोलली नव्हतीस." ती पदर तोंडाला लावून आत गेली आणि पाच मिनिटांनी चहा घेऊन आली. साखर संपली होती म्हणून गुळाचा होता. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातच बसून तो घेतला. गावातल्या शास्त्रीबुवांना नेम मोडल्याचं सांगितलं, त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं, ते केलं. आता माझं बोलणं थोडं कमी झालं आहे असं घरात म्हणतात. फार नाही.

दिवाळी झाली. कार्तिकी एकादशीला चार दिवस राहिले असताना सांगलीहून तार आली. आक्का गेली. पहाटे झोपेतच गेली म्हणाले.

मी चार महिने देवाला द्यायला निघाले होते. त्याने तीन घेतले आणि चौथा मला आक्कासाठी परत दिला. मी हट्टाने तोही त्याच्या पायावर घातला असता, तर आक्का माझा आवाज न ऐकताच गेली असती, आणि मी एकादशीला उद्यापन करून स्वतःला पुण्यवान समजत बसले असते. त्या बाभळीखाली माझ्या तोंडून बोललं कोण, हे मी कुणाला पटवून देत नाही. मला ते ठाऊक आहे, तेवढं पुरे. देवापुढे हात जोडताना मी आता काही सोडत नाही, काही धरत नाही. तुला हवं ते करून घे, असं म्हणते आणि घरी येऊन सूनबाईला भाजी निवडू लागते.