येशीपातूर मी, मंग तू

बोलन्यात मला आमच्या गावात आजून कोनी हरवलं न्हाई. नगरच्या डाक्टरनी मातर माझा खालचा जबडा वरच्याला तारंनी बांधून टाकला आन सांगितलं, "आता सहा आठवडे तोंड बंद."

मँडिबल फ्रॅक्चर म्हंत्यात त्याला. मँडिबल म्हंजी खालचा जबडा. माझा दोन जागी मोडल्याला. तीन दात रस्त्याव ऱ्हायले, एक मी गिळला. तो एक्सऱ्यात पोटात दिसत हुता. डाक्टर म्हनले, "हा येईल बाहेर आपोआप."

पर माझं सोडा. तार बांधायच्या आदी, अपघाताच्या खोलीत, हाडाच्या बाईडाक्टर आल्या. म्हनल्या, "मिसेसच्या डाव्या पायाला ओपन फ्रॅक्चर आहे. हाड कातडी फाडून बाहेर आलंय. रक्ताची नळी दबलीय. पाय वाचवायचा प्रयत्न करू, नाही जमलं तर अँप्युटेशन."

मला शब्द कळला न्हाई. त्येंनी गुडघ्याच्या खाली हाताची कड आडवी फिरवून दावली. म्हंजी हितून कापायचा.

अलका, माझी बायको, शुद्धीव न्हवती. कागदाव घरच्याची सही पायजे हुती. मी रगात लागल्याला अंगठा म्होरं केला. बाईंनी माझ्या तोंडाचा वास घेतला आन कागद मागं वढला. "तुम्ही प्यायलेले आहात. तुमचा अंगठा आत्ता कामाचा नाही." माझ्या बायकोचा पाय कापू का नगं, ह्ये मला इचारायच्या लायकीचा बी मी न्हवतो. सही माझ्या मेव्हन्यानं, बाळूनं केली.

तुमी बी भाऊबीजंला सासरवाडीला जानार असाल तर बसा जरा. मला लिवता येत न्हाई. मी बोलतोय आन पुतनी लिवतीय. मदीच हसती, मदीच लिवायची थांबती.

अलका सुप्याच्या कंपनीत पॅकिंगला. रोज स्कुटीव जायची, पावसात, ट्रकांच्या मधून. कदी खरचटलं न्हाई. मी तिच्या मागं बसायचो, आन वळखीचं कोन दिसलं की मोबाईलात मान घालायचो. तिचं माहेर पाथर्डीकडं. तिथवर तीच चालवायची, पर गावाची येस आली की तिला उतरवून हँडल मी धरायचो. जावई बायकोच्या मागं बसून आला, आसं कोनी म्हनाया नगं. धा वर्सं आमचं ठरल्यालं. येशीच्या भाईर ती, आत मी.

त्या भाऊबीजंला बाळू दुसऱ्या दिशी ऊसतोडीला निगनार हुता. सा म्हयनं गाठ पडनार न्हाई. म्हनला, "दाजी, एक तरी घ्यावाच लागंल." घेतला. "दाजी, एकाव कोन थांबतं व्हय?" मी कशाला थांबतोय. दुपारी तीनला मी सासूच्या शेळीला वयनी म्हनून हाका मारत हुतो.

निगताना अलका म्हनली, "अवो, किल्ली द्या हिकडं."

सगळी आळी बघत हुती. मी म्हनलो, "येशीपातूर मी, मंग तू."

"आज नगं. पाया पडते तुमच्या."

सासू बी म्हनली, "जावईबापू, द्या की तिला. कोन काय म्हनत न्हाई."

"चारशे पावलं तर हायेत," म्हनलो आन रेस पिळली.

येशीपशी बाळूचीच ट्रॉली हुबी हुती. भांडी, पत्रं, कोयत्यांचं पोतं, सगळा संसार भरल्याला. दिवसाढवळ्या, रस्त्याच्या कडंला, हलत बी न्हवती. यवढी मोठी ट्रॉली मला दिसली न्हाई. मी सरळ तिच्यात घातली.

ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी फाळक्याव माझं तोंड आदळलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज माझ्याच कानात झाला. स्कुटी आडवी झाली आन अलकाचा पाय स्कुटी आन ट्रॉलीच्या चाकामदी चेपला. भाईर आलेल्या पत्र्यानं पोटरी हुभी फाडली. तिचं पांढरं हाड मी बघितलं. त्येला माती लागल्याली. रगात उसळ्या मारत धुरळ्यात पडत हुतं. ती आशी वरडली की माझी सगळी उतरली, पर तवा उतरून काय उपेग.

बाळूनं तासाभरापूर्वी तिला भाऊबीजंची साडी दिल्ती. पिशवीतून तीच काढली आन तिची मांडी करकचून आवळली. बाईडाक्टर मागनं म्हनल्या, त्या साडीनं जीव वाचला.

पयल्या दिशी तिच्या पायाला भाईरून सळया ठोकल्या. एक्स्टर्नल फिक्सेटर. सळया कातड्यातून आत हाडात जात्यात आन भाईर सांगाडा दिसतो, मांडवाच्या बांबूवानी. ती वरच्या मजल्याव, मी खालच्या. बाळू जिना चढउतार करायचा. मी बोटानं माझा पाय दावून इचारायचो. तो यवढंच सांगायचा, "बोटं गार हायेत." बोटं गार म्हंजी रगात पोचत न्हाई. काळी पडली की कापायचा.

दुसऱ्या दिशी सासू खाली आली. माझ्या बांधलेल्या जबड्याव तिनं सन्नकन वाजवली. डोळ्याम्होरं काजवं चमकलं. मला वरडता बी आलं न्हाई, तोंडच उघडत न्हवतं. नर्स धावली. सासू म्हनली, "दुसरा गाल शिल्लक हाय, त्यो पोरीसाठी ठिवलाय."

तिसऱ्या दिशी माझं डोस्कं फिरलं. मी रोज पिनारा, हे डाक्टरला सांगितलंच न्हवतं. नुसती सनावाराला घेतो म्हनून बोटानं एक दावलं हुतं. दारू एकदम तुटली की अंग थरथरतं, नसल्यालं दिसतं, त्याला विड्रॉवल म्हंत्यात. मला भिंतीतून खेकडं येताना दिसाया लागलं. उलटी झाली तर गुदमरू नये म्हनून तार कापायची पक्कड खाटंला आडकवल्याली आसती. ती मी उपसली आन तोंडात घातली. तार ऱ्हायली, ववठ फाडला. बाळू धराया आला, त्येला नाकाव ठोसा मारला. त्येचं रगात, माझं रगात, चादर लाल. चौघांनी दाबून मला खाटंला पट्ट्यांनी बांधला. मी म्हनं गुरासारखा हंबरत हुतो.

डाक्टर नंतर म्हनले, "खरं सांगितलं असतं तर पहिल्या दिवसापासून औषध सुरू केलं असतं." तवा तुमी दवाखान्यात गेला तर किती पिता ते खरं सांगा. डाक्टर काय आपलं पावनं न्हाईत, त्येंच्याम्होरं लाजायला.

पाचव्या दिशी पोलीस आले. रगताचा रिपोर्ट आला हुता, गुन्हा लागला. लागायलाच पायजे हुता.

अलकाला तवर दोनदा आत नेलं. डिब्रायडमेंट, म्हंजी मेल्यालं मांस खरवडून काढायचं. पट्टी बदलताना वरून तिची किंकाळी आली की खालच्या मजल्याव मी भिताडाव डोकं आपटायचो. बाळू म्हनायचा, "दाजी, आता आनी ते फोडू नका, खाट न्हाई शिल्लक."

आठव्या दिशी तो जिना उतरून आला. नाक सुजल्यालं. म्हनला, "कोमट हायेत."

मी तारंमागनं रडलो. शेंबूड आन लाळ सगळी दातांच्या फटीतनं.

पाय ऱ्हायला. मांडीचं कातडं काढून पोटरीला लावलं, त्याला स्किन ग्राफ्ट म्हंत्यात. सळया चार म्हयन्यांनी निगाल्या. पाय बोटभर आखूड झालाय, ती लंगडती. पॅकिंगला हुबं ऱ्हावं लागतं, ते काम गेलं. मी तवापासून घेतली न्हाई. बाळू ऊसतोडीला उशिरा गेला, मोडक्या नाकानं. तो मला येका शब्दानं बी घालून पाडून बोलला न्हाई, त्येचं जास्ती लागतं.

यंदा दिवाळीच्या आदी पोलीस पाटलांनी देवळाम्होरं पोरांना गोळा केलं आन मला बोलाया लावलं. मी हेच सांगितलं. शेळीला सगळे हसले, हाडाला गप झाले. मला चेव चढला. शेवटाला हात जोडून म्हनलो, "माझ्या बायकोच्या पायाचे लई उपकार हायेत. त्या पायानं मला शाना केला."

पोरं टाळ्या वाजवाया लागली. बायांच्या बाजूला अलका खुर्चीव बसली हुती, तिला आता खाली बसता येत न्हाई. ती तिथूनच म्हनली, "अवो, तुमाला अक्कल यायची हुती, तर तुमचा पाय मोडायचा. माझा कशापायी मोडला?"