माधवनगरचे तीन ॲम्प्लिफायर

मुलगा सांगलीत इंजिनीअर, घर माधवनगरला. आम्ही साताऱ्याहून ‘घर बघायला’ गेलो होतो. म्हणजे लग्नानंतर मी कुठे राहणार ते वडील बघणार होते आणि मी त्यांच्या शेजारी बसणार होते.

हॉलमध्ये माझ्या खांद्याएवढे दोन स्पीकर आणि टेबलावर तीन ॲम्प्लिफायर. मुलाने पंखा बंद केला, मग आत जाऊन फ्रीजही. फ्रीजच्या मोटरने करंट घाण होतो म्हणे. एप्रिल होता.

पहिला व्हॉल्व्हचा. काचेच्या नळ्या निखाऱ्यासारख्या उजळल्या, सनई सुरू झाली.

“आवाजातली ऊब जाणवते?”

“व्हय, लय जाणवती,” वडील रुमालाने मान पुसत म्हणाले. ते तोफखान्यातून निवृत्त झालेत. डाव्या कानाने त्यांना ऐकूच येत नाही.

दुसरा ट्रान्झिस्टरचा, दोघांनी उचलावा असा. “अचूक आहे, पण कोरडा.” तिसरा क्लास-डी, जेवणाच्या डब्याएवढा. “हा नुसती वीज वाचवतो. याला आत्मा नाही.”

मला तिन्हींतून तीच सनई ऐकू आली. तिसऱ्यातून जरा स्वच्छ.

“तुम्हाला कुठला आवडला?” त्या घरात मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

“तिसरा.”

तो समजूतदारपणे हसला. “कान तयार नाहीत अजून. लग्नानंतर वर्षभरात होतील.”

पाणी प्यायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेले. त्याची आई गॅसच्या बटणावर हात ठेवून कुकरकडे बघत उभी होती. शिट्टी येतेय असं वाटलं की गॅस बंद, वाफ जिरली की पुन्हा चालू. फ्रीज बंद, म्हणून दुधाचं पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवलेलं.

“शिट्टी झाली की त्यो चिडतो,” त्या कुजबुजल्या. “मिक्सर बी सकाळीच उरकायचा. तुला बी सवय होईल, पोरी.”

“कधीपासून?”

“कॉलेजात व्हता तवापासनं.”

बाहेर वडिलांसाठी पुन्हा व्हॉल्व्ह लागला. कुकर फुसफुसायला लागला. काकूंचा हात बटणाकडे वळला, तो मी धरला. “राहू द्या, काकू.”

शिट्टी झाली. सणसणीत, लांबलचक. सनई बंद पडली आणि तो दारात आला.

“आई!”

“मी वाजू दिली,” मी म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. “लय दिसांनी ऐकली गं,” त्या म्हणाल्या आणि दुसरी शिट्टी होईपर्यंत बटणाला हात लावला नाही.

परतताना कराड आलं तेव्हा वडील म्हणाले, “शिट्टी मला बी ऐकू आली. डाव्या कानानं.”

दोन दिवसांनी निरोप आला: मुलगी फार बोलते. त्या घरात मी जेमतेम दहा शब्द बोलले असेन. माझ्या इंग्रजी शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात एकच शेरा आहे, वर्गात तोंड उघडत नाही. वडील आता आल्यागेल्याला तो निरोप सांगतात, मुलीला बक्षीस मिळाल्यासारखा.