चार्जशीटमधले दोन शब्द

नलिनीचं इंग्रजी शाळेत कमी आणि धारच्या घरी ओसरीवर जास्त झालं. तिचे वडील, तात्या, संस्थानी कचेरीत मसुदे लिहिण्यात केस पिकवलेले. पेन्शनीत गेल्यावर त्यांना मसुदे सांगायला उरली ती एकटी लेक.

"नले, पाळी संपवून माणूस घरी गेला, तर काय लिहिशील?"

"ऑफ ड्यूटी."

"आणि कामावर आलाच नाही तर?"

"ॲब्सेंट फ्रॉम ड्यूटी."

"आला, पण जागेवर सापडला नाही?"

इथे ती हमखास अडायची. मग तात्या सुपारी कातरता कातरता सावकाश सांगायचे, "अवे फ्रॉम हिज प्लेस ऑफ ड्यूटी. आणि डेरिलिक्शन कधी लिहायचं? कर्तव्याला जाणूनबुजून पाठ फिरवली असेल तरच. शब्द जड आहे हो, माणूस उठत नाही त्याच्याखालून."

अठ्ठ्याहत्तर साली देवासच्या एका सूतगिरणीत ती स्टेनो म्हणून लागली. नोकरी कच्ची, सहा महिने होईपर्यंत कुणी बोट दाखवलं की घरी. टेकडीखाली एका माईंकडे खोली घेतली होती. शनिवारी इंदूरला बस बदलून धार गाठायची, सोमवारी पहाटे परत.

पाचव्या महिन्यात मॅनेजर विश्वासरावांनी तिला आत बोलावलं. बागलीकडचा उमाशंकर नावाचा कामगार चालू साचा, म्हणजे सूत कातायचं यंत्र, सोडून निघून गेला होता आणि सगळं सूत गुंतून वाया गेलं होतं. साहेबांनी चार्जशीट सांगितली. दुसऱ्याच ओळीत आलं, "डेरिलिक्शन ऑफ ड्यूटी."

नलिनीची पेन्सिल थांबली. सकाळीच पाण्याच्या नळापाशी तिने ऐकलं होतं, की झाडू मारणाऱ्या कमलबाईचा पदर यंत्राच्या पट्ट्यात गेला होता आणि उमाशंकरने धावत जाऊन तिला ओढून काढली होती.

ती जागेवर आली. सांगितलेला कागद टाईप केला. मग दुसरा कागद चढवला आणि त्यात तेवढी एक ओळ बदलली. दोन्ही घेऊन आत गेली.

"हे दोन कशाला?" साहेबांनी चष्मा वर केला. "मी सांगितलं तेवढं टाईप करायचं."

"केलंय साहेब. पण डेरिलिक्शन लिहिलं की निकालच लागला. चौकशीला उरतं काय? अवे फ्रॉम हिज प्लेस ऑफ ड्यूटी लिहिलं, तर तो का गेला होता, हे विचारावं लागेल."

"का गेला होता?"

"ते त्यालाच विचारावं, साहेब."

साहेबांनी दोन्ही कागद पुन्हा एकदा वाचले. "ठेवा तिथे. जा."

त्या रात्री तिने माईंना सांगून टाकलं, बहुधा महिन्याअखेर खोली सोडेन. दुसऱ्या दिवशी शिपाई उमाशंकरची चार्जशीट फाइलला लावायला घेऊन आला. सही दुसऱ्या कागदावर होती.

चौकशीत कमलबाई हाताचं बँडेज दाखवत मोठमोठ्याने रडली. उमाशंकरला नुसती ताकीद मिळाली, की साचा सोडताना शेजारच्याला सांगत जावं. तो ऑफिसच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "दीदी, आपने क्या लिखा, मेरे को नी समझा. पण नौकरी बच गई." पट्ट्याला जाळी मात्र त्याच आठवड्यात बसली.

शनिवारी नलिनीने सगळी हकिगत तात्यांना सांगितली. पाठीवर थाप पडेल म्हणून ती वाट बघत होती. तात्यांनी आधी उमाशंकरला मुलंबाळं किती ते विचारलं. मग म्हणाले, "ती ओळ पुन्हा म्हण बघू. अख्खी."

तिने म्हटली. त्यांनी डोळे मिटून ऐकली, आणि कुठलासा एक 'द', इंग्रजीतलं ते एवढंसं आर्टिकल, राहिला आहे म्हणून तिला असं काही झापलं, की आतून आई चहा घेऊन बाहेर आली आणि नलिनीला हसूच फुटलं.

पुढे नलिनी त्याच ऑफिसात हेडक्लार्क झाली. तात्या चौऱ्याऐंशी साली गेले. तो सुटलेला 'द' नेमका कुठे हवा होता, हे मात्र त्या दिवशी हसण्याच्या भरात तिने विचारलंच नव्हतं.